तोफेची पारख

सैन्याला नवी तोफ हवी असते तेव्हा बाजारात काय मिळते याच्या चौकशीने कामास आरंभ होत नाही. गोळा किती दूर जावा, घाटरस्त्याने ओढून नेण्याजोगे वजन किती असावे, वाळवंटाच्या उन्हात आणि हिमप्रदेशाच्या थंडीत यंत्रणा कशी चालावी, ही गुणलक्षणे सैन्याने आधी कागदावर उतरवावी लागतात. आणि माझ्या मते निम्मीअधिक निवड त्या कागदावरच होऊन जाते. कारगिलच्या युद्धानंतर 2001 साली स्थापन झालेल्या, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने गरजेस मान्यता दिली, की निविदा निघते, आणि तांत्रिक प्रस्ताव व दरपत्रक असे दोन लखोटे स्वतंत्रपणे मोहोरबंद करून मागवले जातात. दराचा लखोटा चाचण्या संपेतो फोडायचा नाही, आणि फोडण्यापूर्वीही वाजवी किंमत किती याचा अंदाज वाटाघाटी समितीने स्वतः लिहून ठेवायचा, असा दंडक आहे. तोफेची पारख करणाऱ्याच्या नजरेस किमतीचा आकडा पडू नये, ही या साऱ्या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी तजवीज होय.

पुण्यात पाषाण येथे शस्त्रास्त्र संशोधनाची जी सरकारी संस्था आहे, तिने 2013 च्या सुमारास हाती घेतलेली 155 मिलिमीटर व्यासाची तोफ याच वाटेने गेली. तिची नळी व्यासाच्या बावन्नपट, म्हणजे सुमारे आठ मीटर लांब. तिची हालचाल तेलाच्या दाबाऐवजी विजेच्या मोटारींनी होते, आणि सहा गोळ्यांचे कोठार ती आपोआप भरून घेते. आरंभापासूनच भारत फोर्ज आणि टाटा या दोन उद्योगसमूहांना निर्मितीत सहभागी केले होते. पोखरणच्या वाळूत तिने 2017 साली सुमारे 48 किलोमीटरचा पल्ला गाठला; तेथेच सप्टेंबर 2020 मध्ये नळी फुटून माणसे जखमी झाली. सुमारे अठरा टनांचे तिचे वजन डोंगराळ सीमेवर जड पडेल, हा सैन्याचा आक्षेपही दीर्घकाळ कायम होता. या तक्रारींमुळे लांबलेला काळ वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण तोफ ओढणाऱ्या जवानाचे म्हणणे करार झाल्यावर ऐकून उपयोग नसतो.

अखेरीस 26 मार्च 2025 रोजी, ओढगाड्यांसह सुमारे 6,900 कोटी रुपयांच्या, 307 तोफांच्या करारांवर सह्या झाल्या: सर्वांत कमी दर देणाऱ्या भारत फोर्जकडे 184, आणि उरलेल्या 123 टाटांकडे.