हॅलोवीनचा कंदील : सलगमापासून पत्र्याच्या डब्यापर्यंत

आयर्लंड आणि स्कॉटलंड या मुलखांत पीक घरात येऊन, गुरे डोंगरावरच्या कुरणांतून गोठ्यांत परतली आणि हिवाळ्याची बेगमी पुरी झाली, म्हणजे ३१ ऑक्टोबरची, हॅलोवीनची, रात्र ही मृतांची रात्र म्हणून पाळण्याचा दस्तूर फार जुना आहे. उजेडाचे दिवस सरून अंधाराचा अंमल सुरू होण्याच्या त्या संधिकाळी गेलेली माणसे आपल्या घरांकडे वळतात आणि त्यांच्याबरोबर अनिष्ट शक्तीही मोकळ्या सुटतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा; पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मुक्रर केला, तरी त्या श्रद्धेचा मूळ रंग पुसला गेला नाही. ज्या समाजात महालयासाठी आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीच्या अमावास्येला उल्कादानाचे विधान सांगितलेले आहे, त्याला त्या रात्रीच्या दिव्याचे मर्म वेगळे समजावून द्यावे लागू नये.

हा दिवा मूळचा सलगमाचा. शेतात मुबलक पिकणारा तो कठीण कंद चमच्याने आणि चाकूने पोखरावा, त्याला डोळे-दात कोरावेत आणि आत मेणबत्तीचा तुकडा लावून तो दारात ठेवावा, असा रिवाज होता. डोनेगॉल परगण्यातील फिनटाउन या गावच्या अशा एका कंदिलाचा साच्यातून काढलेला नमुना आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने मेयो परगण्यातील आपल्या ग्रामजीवन-विभागात जतन केला आहे. त्याचे आक्रसलेले कपाळ, खोल गेलेले डोळे आणि विस्कटलेले दात पाहिले, म्हणजे अमेरिकन भोपळ्याचा हसरा चेहरा किती अलीकडचा आहे ते ध्यानात येते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले लक्षावधी आयरिश लोक अटलांटिक ओलांडून गेले, तेव्हा त्या नव्या भूमीत त्यांना भोपळा सापडला. तो आकाराने मोठा, पोखरायला सोपा आणि ऐन शरदात पिकणारा. त्यामुळे सलगमाची जागा त्याने घेतली. म्हणजे कंदिलासाठी ठरावीक जिन्नस हवाच, असा दंडक या परंपरेत कधीच नव्हता. त्या त्या घरात जे सहज उपलब्ध होते, त्यालाच माणसांनी दिव्याचे रूप दिले. म्हणून आजच्या शहरी घरातला रिकामा डबा आणि रिकामी बरणी यांना भोपळ्याची दुय्यम नक्कल न मानता त्याच परंपरेचे रास्त वारसदार मानले पाहिजे.

यांपैकी पत्र्याच्या डब्याची कृती विशेष मनोवेधक आहे. रिकाम्या डब्यावर हातोडी चालवली तर पत्रा चेपतो. म्हणून डब्यात काठापासून दोन बोटे जागा सोडून पाणी भरावे आणि ते रात्रभर गोठू द्यावे. बर्फ होताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे डब्याचा तळ थोडा फुगतो. परंतु तोच बर्फ आतून पत्र्याला भक्कम आधार देतो. मग कागदावर चेहरा काढून तो डब्याला चिकटवावा, डबा घडी केलेल्या टॉवेलवर आडवा ठेवावा आणि रेघेवर सारख्या अंतराने खिळा ठोकत जावे. डोळ्यांना जाड खिळा आणि भुवयांना बारीक खिळा वापरला, तर उजेडातही जाड-बारीक असा भेद उमटतो. कडी अडकवण्यासाठी काठाशी समोरासमोर दोन भोके पाडावीत. बर्फ वितळल्यावर फुगलेला तळ हलक्या हाताने ठोकून बसवावा, कापल्या तोंडाची धार पक्कडीने दाबून घ्यावी आणि बाहेरून काळा रंग द्यावा. मेणबत्ती वाऱ्याने विझू नये आणि उजेड तर बाहेर यावा, म्हणून भोके पाडलेल्या पत्र्याचे कंदील जुन्या अमेरिकेत वापरात होतेच. आपला डबा त्यांचाच धाकटा भाऊ.

मुरंब्याच्या बरणीचे काम त्याहून सोपे. कोमट पाण्यात भिजवून तिच्यावरची चिठ्ठी काढावी, पाण्याने सारखा पातळ केलेला डिंक लावून नारिंगी पतंगी कागदाचे कपटे एकावर एक चढते चिकटवावेत आणि वर काळ्या कागदाचे डोळे-नाक बसवावे; किंवा बँडेजची पट्टी गुंडाळून मधूनच दोन डोळे डोकावू द्यावेत, म्हणजे ईजिप्तमधील ममी तयार होते. अमेरिकेत दूध ज्या सुमारे पावणेचार लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधून येते, तो धूसर आणि अर्धपारदर्शक असल्यामुळे त्यावर काळ्या शाईने चेहरा काढून, मागच्या बाजूस खिडकी कापून आत दिव्यांची माळ सोडली की पांढरे भूत उभे राहते. ते वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळाशी दोन मुठी वाळू घालावी.

ज्योतीविषयी मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. प्लास्टिकच्या आणि कागद किंवा कापड लावलेल्या कंदिलात बॅटरीवरचाच दिवा ठेवावा. नुसत्या काचेच्या बरणीत मेणबत्ती लावायची झाल्यास तळाशी वाळूचा जाड थर द्यावा, कारण एकाच जागी उष्णता लागली की काच तडकते. आणि ती बरणी मुलांच्या लोंबत्या झग्यांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांनी पत्करावी.

कोरलेला भोपळा काही दिवसांत कुजतो आणि कचऱ्याच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला की हवेत मिथेन वायूची भर घालतो. दुकानातला तयार प्लास्टिकचा कंदील तर घरात येतानाच उद्याचा कचरा म्हणून येतो. डब्याचा कंदील पुढच्या वर्षापर्यंत फळीवर ठेवता येतो आणि कंटाळा आल्यास तोच पत्रा भंगारात देऊन पुन्हा वितळवता येतो. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत कामट्या आणि पतंगी कागद आणून आकाशकंदील करण्याची चाल अजून टिकून आहे, त्यांना तर या कामाची ओळख नव्याने करून घ्यावी लागणार नाही. दोन्ही सण थोड्याच दिवसांच्या अंतराने येतात आणि एकाच बैठकीत मुलांच्या हातून दोन्ही दिवे होऊ शकतात. ज्या मुलाने स्वतः खिळा ठोकून उजेडाला वाट करून दिली आहे, त्याला टाकाऊ वस्तूची किंमत निराळी शिकवावी लागत नाही; म्हणून सप्टेंबरपासूनच रिकामे डबे धुऊन बाजूला ठेवण्याची तजवीज करावी आणि हातोडी त्याच्या हाती द्यावी.