मुसाफिराचा रोजा

पहाटेचे साडेचार. गावात सहेरीची लगबग सुरू असते. शेगडीवर चहा उकळतो, रात्रीचा सालन गरम होतो. त्याच वेळी कसारा घाटात गॅसचा एक टँकर खालच्या गिअरवर संथपणे चढत असतो. उरणच्या बाजूने भरून निघालेली ही गाडी बॉटलिंग प्लँटला पोहोचेल तेव्हाच पुढचे सिलिंडर भरले जातील. १७ टनांच्या एका टँकरमधून १४.२ किलोचे सुमारे १२०० सिलिंडर भरतात. त्यातला कुठला सहेरीच्या चुलीवर जाईल आणि कुठला एखाद्या घरच्या नैवेद्याच्या, हे चालकाला ठाऊक नसते.

हे काम साध्या ट्रकसारखे नाही. धोकादायक माल वाहण्याचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. उन्हात द्रव फुगतो म्हणून टाकी काठोकाठ भरत नाहीत. वर मोकळी जागा सोडतात. त्यामुळे वळणावर आतला गॅस हेलकावतो आणि गाडीला ओढतो. हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो, नाल्यात, खड्ड्यात साचतो. मग एक ठिणगी पुरे. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे वळणाऱ्या गॅस टँकरला ट्रकने धडक दिली, तेव्हा क्षणात महामार्ग पेटला आणि अनेकांचे प्राण गेले.

म्हणून प्लँटच्या दारातच मोबाइल आणि काडेपेटी जमा होते. आत इंजिन बंद, चाकांना उटी, अर्थिंगची तार जोडलेली. त्यानंतरच होस लागतो. रिकामा टँकरही निर्धोक नसतो, आत वाफ उरतेच.

अशा माणसाने रोजा धरावा का? कुरआनातील सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. सुटलेले रोजे पुढे पूर्ण करायचे. मसला सोपा, मन मात्र ऐकत नाही. कुणी म्हणतो, बापाने शेतात राबून रोजे केले, मी तर बसून गाडी चालवतो. पण बसून चालवणाऱ्यालाच दुपारी झापड येते. सुटलेला रोजा नंतर धरता येतो. घाटात लागलेल्या डुलकीची भरपाई कशानेच होत नाही. जाणता चालक म्हणूनच भरल्या गाडीवर रोजा धरत नाही. ढाब्यावर चहा पितो तेव्हा ओळखीचे कुणी पाहील म्हणून भिंतीकडे तोंड करून बसतो, एवढेच.

प्लँटबाहेर मात्र रांगेत कधी अख्खा दिवस जातो. त्या दिवशी तो रोजा धरतो. मगरिबच्या वेळी गाड्यांपासून दूर वर्तमानपत्र अंथरले जाते. खजूर, केळी, भजी. शेजारच्या गाडीचा हिंदू चालक पाण्याची बाटली घेऊन येतो आणि घड्याळाकडे पाहत अजानची वाट त्यांच्याइतकीच आतुरतेने बघतो.

ईद होते, रमजान सरतो. चालकाचे पंधरा-वीस रोजे बाकी असतात. ते तो थंडीत, दिवस लहान असताना, सुट्टीला घरी आला की एकेक करून फेडतो. तेव्हा मोहल्ल्यात सहेरीला उठवणारे कुणी नसते. सगळी गल्ली झोपलेली असते. फक्त एका घरात बायको उठते आणि त्याच्यासाठी शेगडी पेटवते.