भांडू की मिटवू?

नवं बाथरूम बघायला आलेल्या नणंदबाईंना मी मोठ्या कौतुकानं गुळगुळीत लाद्या दाखवत होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अगं, आमच्या मोरीच्या छतातून पाणी ठिबकतंय," त्या म्हणाल्या. काम होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते!

कंत्राटदाराला फोन केला. "वहिनी, माझं काम चोख आहे. गळती तुमच्या जुन्या पाइपांची. आधी राहिलेले तीस हजार द्या, मग येऊन बघतो." ठेका १ लाख १० हजारांचा, त्यातले ८० हजार आम्ही देऊन बसलो होतो.

घरात लगेच दोन तट पडले. हे म्हणाले, "कोर्टात खेचतो त्याला!" सासूबाई म्हणाल्या, "सोडून द्या, दुसरा गवंडी आणा." तुमच्याकडेही असंच झालं असतं ना? मी मात्र वहीचं मागचं पान उघडून हिशेब मांडायला बसले.

पहिला प्रश्न, दोष कुणाचा? ते कळल्याशिवाय भांडण्यालाही अर्थ नाही आणि मिटवण्यालाही. शाळेतल्या एका बाईंचे भाऊ इंजिनिअर आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी एक दिवस बाथरूम पूर्ण कोरडं ठेवून पाइपांत पाणी चालू ठेवायला सांगितलं. खाली नवा थेंब नाही. मग मुख्य कॉक बंद केला, पाणी जायच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवला, जमिनीवर दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली आणि काकूंच्या छताला थेंब! म्हणजे पाइप निर्दोष, खालचं वॉटरप्रूफिंगच कच्चं. हे त्यांनी सही-तारखेनिशी लिहून दिलं. फोटो काढले.

हे होईपर्यंत दुसऱ्या गवंड्याला एकही लादी फोडू देऊ नका, बरं का. राडारोड्याबरोबर तुमचा पुरावाही बाहेर जातो.

दुसरा प्रश्न, भांडायचंच तर कुठे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. पैसे घेऊन काम नीट न करणारा कंत्राटदारही त्यात येतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, म्हणजे आम्हांला साताऱ्यातच. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. आणि वकील हवाच असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना तो मोफत मिळतो, नवऱ्याचा पगार कितीही असो. हे मला पस्तिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं!

कायद्यात निकालाला तीन महिने सांगितलेत, तपासणी लागली तर पाच. पण तारखा लांबतात, आणि काकूंचं छत काही तारखेसाठी थांबत नाही.

आता रुपये. दुसऱ्या गवंड्यानं ४५ हजार सांगितले. तीस हजार आमच्याच हातात होते. म्हणजे खरा वाद पंधरा हजारांचा. त्यासाठी खेपा घालायच्या, आणि माझा पगार तासिकेवर, रजा म्हणजे पैसे बुडाले. आगाऊ पैसे घेऊन तो गायब झाला असता किंवा लाखांचं काम बिघडवलं असतं, तर मी नक्की भांडले असते. इथे मिटवायचं ठरलं.

पण मिटवायचं म्हणजे गयावया करायची नाही. साधं पत्र लिहिलं, इंजिनिअरच्या कागदाची प्रत जोडली, पंधरा दिवसांची मुदत दिली, नाहीतर आयोगाकडे जाऊ असं स्पष्ट लिहिलं आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. आठव्या दिवशी स्वारी दारात. "वहिनी, घरचा माणूस समजा."

तडजोड कागदावर केली. जमीन तो स्वखर्चानं उखडून पुन्हा करील. लाद्या बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून दाखवील. ते जमलं की वीस हजार, उरलेले दहा पावसाळा संपल्यावर. त्यानं आणलेल्या कागदात 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं आधीच लिहिलेलं होतं! ती ओळ मी खोडली. काम झाल्यावर लिहू म्हटलं.

आमचंही गेलं. त्याच लाद्या मिळेनात, नव्यांचे चार हजार आम्ही दिले. काकूंच्या छताच्या रंगाचे सहा हजारही आमचेच, कारण त्यावर तो अडूनच बसला. हे अजून म्हणतात, भांडायला हवं होतं. कदाचित त्यांचं बरोबरही असेल, पण खालच्या जिन्यात काकूंची नजर चुकवणं मला जड जात होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी बोलावून छताला हात लावायला सांगितला. कोरडं खडखडीत. त्या संध्याकाळी कंत्राटदार दहा हजार न्यायला आला. नोटा मोजता मोजता म्हणाला, "वहिनी, तुमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमचं काम निघालंय म्हणे?"

"निघालंय," मी म्हटलं, "पण तिथेही आधी पाणी भरून दाखवावं लागेल हं, दादा."