बोर्डो मिश्रणाची जन्मकथा

द्राक्ष बागायतदार बंधूंनो, केवड्यावर आपण फवारतो त्या बोर्डो मिश्रणाचे मूळ चोरांच्या भीतीत आहे.

गेल्या शतकाआधीच्या शतकात फ्रान्समधील द्राक्षवेली फायलोक्सेरा किडीने वाळू लागल्या. तिला दाद न देणाऱ्या वेली अमेरिकेतून आणल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर केवडाही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला. बोर्डो भागातील बागायतदार वाटेकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत, म्हणजे निळसर डाग पाहून वाटसरू घडांना हात लावीत नसत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांना दिसले, की बाकीच्या वेलींची पाने गळाली असता याच रांगा हिरव्या आहेत. रसायनतज्ज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवावा, लोखंडी भांडे टाळावे. तयार मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढल्यास मिश्रण आम्लधर्मी आहे, तसेच फवारले तर पाने करपतात. अशा वेळी थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.