ओल्या मातीत तहानलेली तूर

आम्हा कवींनी 'कोमेजणे' हा शब्द फार स्वस्त करून ठेवला आहे. झाड खरोखर कसं कोमेजतं, ते मी 1990 च्या डिसेंबरात उमरेडकडे मामूंच्या वावरात पाहिलं. मी तेव्हा बी.ए.ला होतो. फुलोऱ्यातली तूर, जमिनीत चांगली ओल, आणि अधूनमधून एकेक झाड माना टाकून उभं! काही झाडांची तर एकच बाजू सुकलेली.

"ओल तं हाये ना बाबू, मंग हे सुकलं कायले?" मामूंनी विचारलं. शिकलेला भाचा म्हणून मी ठोकून दिलं, "मामू, एक पाणी द्या." त्यांनी दिलं. झाडं वाचली नाहीतच. पुढच्या वर्षी उताराकडची तूरही जळाली. पाण्याबरोबर वाहणाऱ्या मातीतून हा रोग पसरतो, हे मला फार उशिरा कळलं.

हा तुरीचा 'मर' रोग. त्याच्या बुरशीचं नाव फ्युजॅरियम उडम. बिहारातल्या पुसा इथं काम करणाऱ्या बटलर या शास्त्रज्ञानं 1910 मध्ये ते ठेवलं. पीक निघालं तरी ही बुरशी मातीतल्या धसकटांवर दोन-तीन वर्षं सहज तग धरते. नवं बी रुजलं की कोवळ्या मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत बस्तान मांडते. झाडही गप्प बसत नाही. शत्रूला अडवण्यासाठी ते आपल्याच नळ्यांत डिंकासारखे बोळे कोंबतं. शत्रू थोडा अडतो, पण पाणीही अडतं.

एवढ्यावर भागत नाही. बुरशी फ्युजॅरिक आम्लासारखी विषं सोडते. पेशीभोवतीचा पडदा त्यांनी दुबळा होतो आणि आतलं पाणी, क्षार बाहेर झिरपू लागतात. प्रयोगशाळेत बुरशी वाढवलेला द्रव गाळून घेतात आणि त्यात निरोगी रोपाची कापलेली फांदी ठेवतात. बुरशी गाळणीवर राहिलेली असते, तरी फांदी मलूल होते. म्हणजे खुनी घरात नसतानाही नुसतं विष काम करतं.

(आपल्या संत्र्याचा डिंक्या निराळा बरं का. तिथं फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव साल आणि मुळंच कुजवतो.)

मर ओळखायचा तर खोड उभं चिरून पाहावं. सालीखाली काळपट-तपकिरी रेघा दिसतात; बाहेरूनही बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो. तोवर औषधाची वेळ टळलेली असते. जे करायचं ते पेरणीआधी: बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणं, रोगट वावरात तीन-चार वर्षं तूर न घेणं, रोगाला दाद न देणारं वाण निवडणं. इक्रिसॅटचं 'आशा' आणि बदनापूरचं बीएसएमआर 736 ही त्यातली ओळखीची नावं. पण बुरशीचेही प्रकार आहेत, त्यामुळे एक वाण सगळीकडे सारखं टिकेलच असं नाही.

इक्रिसॅटच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्वारीत तूर घेतली तर मर कमी होतो. हे वाचून मी मामूंना सांगायला गेलो. ते हसले. त्यांचे वडील तूर ज्वारीतच पेरत. सोयाबीन आलं तशी ज्वारी मामूंनीच मोडली होती. "पाणी द्या म्हणाला होतास, ते आठवते ना?" एवढं म्हणून ते कोठीतलं ज्वारीचं बी शोधायला उठले.