हुसेन अब्दी काहिन ते सर मो फराह: एका धावपटूची आणि त्याच्या शिक्षकाची गोष्ट

शर्यत जिंकली की तिथेच ट्रॅकवर सजदा करणारा ब्रिटनचा धावपटू मो फराह आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं, सहा जागतिक विजेतेपदं आणि वर ‘सर’ हा किताब. मुलांना सांगावं असं हे यश आहे. पण त्याची खरी कहाणी जगाला कळली ती जुलै 2022 मध्ये, बीबीसीच्या एका माहितीपटातून. मो फराह हे त्याचं नावच नव्हतं.

त्याचं मूळ नाव हुसेन अब्दी काहिन. जन्म 1983 चा, आजच्या सोमालीलँडमधला. तो चार वर्षांचा असताना वडील यादवी युद्धात मारले गेले. पुढे त्याला शेजारच्या जिबूतीत नातेवाइकांकडे ठेवलं गेलं. तिथून आठ-नऊ वर्षांचा असताना एक अनोळखी बाई त्याला विमानानं लंडनला घेऊन आली. नातेवाइकांकडे राहायला जायचं आहे, एवढंच त्याला सांगितलं होतं. प्रवासाची कागदपत्रं मात्र मोहम्मद फराह नावाच्या दुसऱ्याच मुलाची होती. नातेवाइकांचा पत्ता लिहिलेला एक कागद या मुलाकडे होता. लंडनच्या घरात पोहोचल्यावर त्या बाईनं तो त्याच्या डोळ्यांदेखत फाडून कचऱ्यात टाकला.

त्यानंतर सुरू झालं घरकाम. त्या घरातली लहान मुलं सांभाळायची, त्यांना आंघोळ घालायची, साफसफाई करायची, तेव्हा कुठे जेवण. घरच्यांना पुन्हा भेटायचं असेल तर तोंड उघडायचं नाही, अशी तंबी होती. मुलगा बाथरूमचं दार लावून रडायचा. पहिली काही वर्षं शाळाही नाही.

बारा वर्षांचा झाल्यावर पश्चिम लंडनमधल्या फेल्टम इथल्या शाळेत त्याचं नाव घातलं गेलं. इंग्रजी जेमतेम, कपडे अस्ताव्यस्त, अभ्यासात लक्ष नाही. असा मुलगा वर्गात आला की ‘वाया गेलेला’ असा शिक्का मारायला वेळ लागत नाही. पण पीटीचे शिक्षक ॲलन वॉटकिन्सन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मैदानावर हा मुलगा वेगळाच असतो! मुलाचा जीव फुटबॉलमध्ये होता. सरांनी त्याला फुटबॉल तोडला नाही. आधी थोडा वेळ फुटबॉल खेळ, मग धावायला ये, असा सौदा केला.

हळूहळू विश्वास बसला आणि एक दिवस मुलानं सरांना सगळं सांगून टाकलं. वॉटकिन्सन सरांनी ऐकून घेतलं आणि पुढचं पाऊलही उचललं. त्यांनी समाजकल्याण विभागाला कळवलं आणि मुलाला एका दुसऱ्या सोमाली कुटुंबात राहायला मिळालं. चौदाव्या वर्षी त्याची परदेशातल्या शर्यतीसाठी निवड झाली, पण जायला कागदपत्रंच नव्हती. तेव्हा नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची खटपटही सरांनीच केली. 25 जुलै 2000 रोजी त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं.

एवढं झालं म्हणजे लगेच पदकं आली, असं नाही. 2001 मध्ये तो 5000 मीटरमध्ये युरोपचा ज्युनियर विजेता झाला. पण 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीतही पोहोचला नाही. मधल्या काळात लंडनमध्ये तो केनियाच्या धावपटूंसोबत एका घरात राहिला होता. धावणं, जेवणं, झोपणं, पुन्हा धावणं, हीच त्यांची दिनचर्या होती. ती त्यानं उचलली. पुढे आठवड्याला सुमारे 190 किलोमीटर धावणं हा त्याचा नेहमीचा सराव झाला.

4 ऑगस्ट 2012 रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं 10,000 मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि आठवड्यानं 5000 मीटरचंही. तो रमजानचा महिना होता. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचं त्यानं ठरवलं होतं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरच्या शर्यतीत तो मध्येच पाय अडकून पडला. उठला, घोळक्याला गाठलं आणि सुवर्ण जिंकलं. 5000 मीटरही जिंकली. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये ही दुहेरी कामगिरी याआधी फक्त फिनलंडच्या लासे विरेननं 1972 आणि 1976 मध्ये केली होती.

गंमत म्हणजे या दोन्ही अंतरांचा विश्वविक्रम त्याच्या नावावर कधीच नव्हता. 10,000 मीटर म्हणजे ट्रॅकच्या 25 फेऱ्या. त्यातल्या 24 फेऱ्या तो दम राखून धावायचा, घोळक्यात आपली जागा सोडायचा नाही आणि शेवटच्या फेरीत सुसाट सुटायचा. लंडनमध्ये 24 फेऱ्यांनंतरची ती शेवटची फेरी त्यानं सुमारे 53 सेकंदांत पूर्ण केली. आपण ज्याला सबर म्हणतो, तो ट्रॅकवर असा दिसतो.

त्याच्या कारकिर्दीवर एक सावलीही आहे. 2011 ते 2017 या काळातले त्याचे प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांच्यावर 2019 मध्ये उत्तेजक द्रव्यांविषयीचे नियम मोडल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. स्वतः फराह मात्र कोणत्याही चाचणीत दोषी आढळला नाही. 2018 मध्ये त्यानं शिकागो मॅरेथॉन 2 तास 5 मिनिटे 11 सेकंदांत जिंकली आणि सप्टेंबर 2023 मध्ये तो निवृत्त झाला.

आपलं खरं नाव सांगताना नागरिकत्व जाण्याची भीती त्याला होती. कोणतीही कारवाई होणार नाही, असं ब्रिटिश सरकारनं स्पष्ट केलं. त्याआधी 2015 मध्ये मुलगा झाला, तेव्हा त्यानं त्याचं नाव ठेवलं हुसेन. जे नाव त्याच्याकडून काढून घेतलं गेलं होतं, तेच.

आता थोडं आपल्याविषयी. ‘गावाकडून शिकायला आणलाय, घरात थोडी मदतही होते,’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांतही ऐकू येतं. शिकायला आणलेलं मूल शाळेच्या वेळेत भांडी घासत असेल, तर ते शिकणं नव्हे. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, घरकामावरही नाही. शाळेनंतर स्वतःच्या कुटुंबाला हातभार लावणं वेगळं. असं मूल दिसलं तर 1098 या मोफत क्रमांकावर कळवता येतं.

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढंच सांगायचं आहे: वर्गात गप्प बसणारा, उशिरा येणारा, बाकावर डोळा लागणारा प्रत्येक मुलगा चॅम्पियन होणार नाही. पण तो असा का आहे, हे विचारायला आपल्याला पाच मिनिटं लागतात. वॉटकिन्सन सरांनी सुरुवात तिथूनच केली होती.