हवेची होडी आणि खोलीमापक

उजनीच्या जलाशयाचें पाणी उन्हाळ्यांत खूप उतरलें, कीं इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील पळसनाथाचें जुनें देऊळ पाण्यांतून वर येतें. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याच्या फुगवट्यांत तें देऊळ बुडालें. देऊळ उघडें पडल्यावर त्याचा नावाड्यास उपद्रव नाहीं. उपद्रव आहे तो त्याच्या शिखरावर वीतभर पाणी असतांना. लांकडी होडी तेथें घासली, तर तिचा रंग जाईल. हवेनें फुगविलेल्या होडीचें कापडच फाटेल. अशी होडी आणि तिला लावलेलें लहान एंजिन घेऊन अनोळखी पाण्यांत जाणाऱ्यास तळाची खोली कळत राहणें हें म्हणूनच अगत्याचें असतें.

पूर्वीं दोरीला शिसें बांधून तें तळाशीं सोडीत व खोली वांवांनीं मोजीत. आतां तें काम ध्वनि करतो. जिनीव्हाच्या सरोवरांत कोलादों व स्टुर्म यांनीं १८२६ सालीं पाण्याखालीं घंटा वाजवून ध्वनीचा पाण्यांतील वेग मोजला होता. हा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर, म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक आहे. क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिलें, कीं कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते. उलट वीज दिल्यास असे स्फटिक थरथरतात. या गुणाचा उपयोग लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धांत पाण्याखालीं ध्वनि सोडण्यासाठीं केला. आजच्या खोलीमापकाचा जो भाग पाण्यांत राहतो, त्या ट्रान्सड्यूसरचें कार्य याच तत्त्वावर चालतें. तो यंत्राचें तोंडहि आहे आणि कानहि. त्यानें सोडलेला ध्वनि दहा मीटर खोल तळावर आपटून परत येण्यास सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग पुरतो.

ही सारी योजना एका गोष्टीनें निष्फळ होते. ती गोष्ट म्हणजे हवा. पाण्यांतून जाणारा ध्वनि हवेच्या सीमेवर आला, कीं त्याच्या शक्तीचा हजारांत जेमतेम एक भाग पलीकडे जातो. बाकीचा मागें फिरतो. फायबरग्लासच्या भरीव तळाच्या होडींत ट्रान्सड्यूसर आंतल्या बाजूस चिकटवून भागतें, कारण ध्वनि त्या तळांतून पार होतो. हवेच्या होडीचा तळ हाच मुळीं हवेची गादी. तिच्यावर आंतून ट्रान्सड्यूसर ठेवणें म्हणजे कान झांकून कीर्तनास बसणें होय. तेव्हां त्याचें तोंड प्रत्यक्ष पाण्यांतच बुडालें पाहिजे.

होडीच्या पिछाडीस एंजिन टांगण्याची जी लांकडी फळी असते, ती त्यासाठीं योग्य जागा. मात्र फळीवर कोठेंहि चालेल, असें नाहीं. पंख्याच्या फिरण्यानें पाण्यांत बुडबुडे होतात, आणि बुडबुडा म्हणजे पुन्हां हवाच. म्हणून पंख्यापासून निदान सव्वा फूट दूर आणि पंख्याचीं पातीं ज्या बाजूस खालीं जातात त्या बाजूस तो बसवितात. बहुतेक एंजिनांत ती उजवी बाजू असते. बाजूच्या फुगीर नळ्यांच्या अगदीं जवळहि नको, कारण त्यांच्या कडेनें फेंसाळलेलें पाणी मागें येत असतें. ट्रान्सड्यूसरचें तोंड तळाच्या कडेहून किंचित् खालीं असावें. फार खालीं असल्यास पाणी उडतें आणि किनाऱ्यावर होडी ओढतांना तेंच प्रथम मोडतें.

फळी प्लायवुडची असते. तिला पाडलेल्या प्रत्येक भोकांतून पाणी शिरतें व ती आंतून कुजते. यास्तव शहाणा मनुष्य प्लॅस्टिकची एक जाड पट्टी फळीवर एकदांच पक्की बसवून, भोकें पाण्यांत टिकणाऱ्या लुकणानें बुजवितो आणि पुढील सारे स्क्रू त्या पट्टींत मारतो. कापडांत भोंक पाडण्याचा विचारहि करूं नये. चोषकानें चिकटणारे आधार मिळतात, पण ते वाटेंत सुटतात. वापरलेच, तर दोरी बांधावी. होडी दर वेळीं हवा सोडून गुंडाळून घरीं न्यावयाची असल्यास फळीला शिकंजानें आवळावयाचा, काढतां येण्याजोगा दांडा सर्वांत सोईचा. किंमत थोडी अधिक पडते, परंतु फळी अभंग राहते.

आतां राहिला प्रश्न सरळपणाचा, आणि हवेच्या होडीची खरी गंमत येथेंच आहे. उन्हांत फुगवून ताठ केलेली होडी गार पाण्यांत उतरतांच नळ्यांतील हवा आकुंचन पावते, नळ्या मऊ पडतात व एंजिनाच्या भारानें फळी मागें कलते. तिच्यासवें ट्रान्सड्यूसरहि कलतो. ध्वनि सुमारें वीस अंशांच्या शंकूंत पसरतो असें धरल्यास दहा मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर व्यासाच्या वर्तुळावर पडतो. कललेला शंकु होडीखालचा तळ सोडून भलतीकडेच पाहूं लागतो. म्हणून कोन किनाऱ्यावर ठरवूं नये. होडी पाण्यांत, माणसें आपापल्या जागीं आणि हवा पुन्हां भरलेली, अशा स्थितींत ठरवावा.

तार कापूं नये. उरलेली सैल वेटोळी करून एंजिनाच्या तारांपासून दूर ठेवावी. बारा व्होल्टची लहान बॅटरी बंद डब्यांत असावी व तारेंत फ्यूज असावा.

यंत्र दाखवितें ती खोली ट्रान्सड्यूसरपासूनची असते, पृष्ठभागापासूनची नव्हे. तो वीतभर बुडलेला असेल, तर तितकी खोली मिळवावी लागते. खुणा केलेली काठी दोन मीटर पाण्यांत उभी धरून हा हिशेब एकदां ताडून घेतात. शिवाय तें खालीं पाहतें, पुढें पाहत नाहीं; देवळाची भिंत समोर सरळ उभी असेल, तर तिच्यावर येईपर्यंत आंकड्यांत फरक पडणार नाहीं. अशा जागीं वेग चालण्याइतकाच ठेवावा लागतो. प्रतिध्वनि हरवल्यावर कांहीं यंत्रें शेवटचा आंकडा तसाच लुकलुकत ठेवतात. असा लुकलुकणारा आंकडा दिसतांच एंजिन मंद करून शिशाची दोरी पाण्यांत सोडावी.